पुढचा गेम कोणता? माझं मत 'राजी'ला

राजापेठच्या आमच्या ग्रुपमध्ये सध्या एकच वाद. 'सेकिरो' संपला, आता पुढे काय? अर्धे म्हणतात 'एल्डन रिंग', अर्धे 'ब्लॅक मिथ: वुकाँग'. दोन्ही अवघड, दोन्ही भारी, मान्य. पण राजेहो, वुकाँग म्हणजे चीनच्या जुन्या माकडराजाची गोष्ट. 2024 मध्ये तो जगभर खपला. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020 मध्येच 'राजी' काढला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी पोरगी, हातात दुर्गेनं दिलेला त्रिशूळ! गेम छोटा आहे, सेकिरोइतका छळत नाही, हे खरं. पण इथला गेम आपणच फुकटात उतरवला, तर उद्या अवघड गेम इथे बनवणार कोण? म्हणून मी आधी 'राजी' विकत घेणार. मार खायला एल्डन रिंग आहेच. तुमचं काय म्हणणं, भाऊ?