दुखणे अंगावर का काढतात?

तृतीयपंथी लोक दुखणे अंगावर काढतात ते अज्ञानामुळे, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. आरोग्य हा यंदाच्या अंकाचा विषय. तेव्हा या समजाची झडती आधी घेतलेली बरी. आमच्या मते हे टाळणे अडाणीपणाचे नाही, हिशेबाचे आहे. केसपेपरच्या खिडकीशीच आधारवरचे नाव एक आणि समोरचे रूप दुसरे म्हणून उलटतपासणी सुरू होते, मागची रांग कान टवकारते. तक्रार तापाची असते, प्रश्न शरीराच्या ठेवणीचे विचारले जातात. त्यापेक्षा गुरुबहिणीच्या सल्ल्याने औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून हार्मोन म्हणून घेणे सोपे पडते. त्याने रक्तात गुठळ्या होऊ शकतात. पण मात्रा ठरवून द्यायला विश्वासाचा डॉक्टर कुठला?

हा हिशेब बदलतो, याचा पुरावाही आहे. हैदराबादला २०२१ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे कल्याण-पुण्यात आलेल्या ‘मित्र’ क्लिनिकांत हार्मोन, समुपदेशन आणि साधी दुखणी एकाच छपराखाली पाहिली जात, तीही समाजातल्याच माणसांच्या हातून. तिथे लोक आपण होऊन गेले. २०२५ च्या आरंभी अमेरिकेची मदत थांबली आणि तिन्ही ठिकाणी कुलूप लागले. परक्या पैशावर चालले होते, हे आपल्या धोरणाबद्दल बरेच सांगून जाते. आपले लक्ष मुख्यतः एचआयव्हीवर राहिले. त्याला कारण होते: २०१७ च्या सरकारी पाहणीत या गटातले प्रमाण तीन टक्क्यांवर होते, एकूण प्रौढांत पाव टक्क्याहून कमी. पण साखर, रक्तदाब, नैराश्य त्यांनाही होतेच.

कोणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात गरिबाचे हाल कुठे चुकतात? चुकत नाहीत, पण आपण बाई की पुरुष हे त्याला आधी सिद्ध करावे लागत नाही. आयुष्मान भारत योजनेखाली पाच लाखांचे संरक्षण आहे, तेही आधी ओळखपत्र मिळाले तर आणि मुख्यतः दाखल झाल्यावर. वर सांगितलेली दुखणी ओपीडीची. तृतीयपंथींसाठी स्वतंत्र वॉर्ड म्हणजे पुन्हा वेगळी पंगत, हा आक्षेप मात्र खरा आहे. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात २०२३ मध्ये असा वॉर्ड झाला. तात्पुरता आधार म्हणून तो हवाच, पण नंदुरबारच्या रुग्णाला त्याचा काय उपयोग? तिथल्या जिल्हा रुग्णालयात समाजातलाच एक आरोग्यसेवक नियमित पगारावर नेमावा आणि खिडकीवरच्या कारकुनापासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना प्रशिक्षण द्यावे. एवढ्यासाठी परदेशी निधी लागत नाही.