पोराची बोली शाळेबाहेर ठेवू नका

दिवाळी सरली की आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडची खेडी अन् तांडे ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात बेळगावकडं ऊसतोडीला निघतात. घरी सांभाळायला म्हातारं माणूस नसलं अन् गावात हंगामी वसतिगृह नसलं, की पोरंही सोबत जातात. परत येतात तेव्हा हजेरीपटावर चार-पाच महिन्यांची गैरहजेरी असते.

पण ही पोरं काहीच न शिकता आली काय? कानडी मुलखात ऊस म्हणजे कब्बू, पाणी म्हणजे नीरू, हे त्यांना कुणी फळ्यावर शिकवलेलं नसतं. परक्या गावात दुकानदाराशी कसं बोलावं, कुठं नमतं घ्यावं, हे ती अंगानं शिकतात. शहरात हेच शिकवायला फी घेतात. आपली शाळा मात्र त्यांना विचारतसुद्धा नाही.

तांड्यावरच्या पोराची गत आणखी वेगळी. ते घरी गोरबोली बोलतं. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. पहिलीत पुस्तकी मराठी कानावर पडली की ते गप्प बसतं. आपण म्हणतो, पोरगं ढ आहे. वर्ग हसतो, अन् पोरगं शेळ्यांमागं जातं.

शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की शक्य तेथवर शिकवणं मातृभाषेतून व्हावं. निदान गुरुजींनी गोरबोलीतले पन्नास शब्द तरी शिकावेत. तांड्यावरची शिकलेली लेक-सून त्यांना मदत करील. परतलेल्या पोराला एक तास वर्गापुढं उभं करावं. कुठं गेला, काय खाल्लं, तिथली माणसं कशी बोलतात, हे नकाशावर बोट ठेवून सांगू द्यावं. दुसऱ्याची रीत वेगळी असली म्हणजे वाईट नसते, हे बाकीच्या पोरांनाही तिथंच कळेल.

याचा अर्थ पोरं तोडीला न्यावीत असा नव्हे. बुडालेलं गणित-वाचन एका तासानं भरून निघत नाही. म्हणून वसतिगृहाचा प्रस्ताव दसऱ्याआधीच गेला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात. त्यात तोडीला जाणारे किती, हे सरपंच-ग्रामसेवकांनी एकदा पाहावं. अन् ते गावात असतानाच बैठक घ्यावी. थंडीत घेतलेल्या बैठकीला ते कुठून येणार?

आपली माणसं परक्या मुलखात मिळेल त्या बोलीत निभावून नेतात. त्यांच्या पोरांवर स्वतःच्या गावातल्या शाळेत मुकं बसायची पाळी येऊ नये.