रेषा विषाच्या नव्हेत, बर्फाच्या



‘आकाशातून फवारणी’ हे पत्र वाचले. विमानामागची रेषा कधी लगेच विरते, कधी तासन्‌तास टिकते. म्हणजे टिकणाऱ्या रेषेत रसायन असणार, हा त्यातला मुख्य युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. 8 ते 12 किलोमीटर उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत ती काजळीच्या कणांवर गोठते. तिथली हवा कोरडी असली की रेषा मिनिटभरात नाहीशी होते. दमट असली की पसरत जाऊन तिचा ढग होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांच्या छायाचित्रांतही अशा दाट रेषा दिसतात. 2016 साली अमेरिकी संशोधकांनी 77 तज्ज्ञांना विचारले. 76 जणांना गुप्त फवारणीचा पुरावा आढळलेला नव्हता.

त्या पत्रातला सोलापूरच्या कृत्रिम पावसाचा दाखला तर इथे गैरलागू आहे. तो प्रयोग पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने उघडपणे केला.

काळजीच करायची तर या रेषांचे ढग पृथ्वीची उष्णता अडवतात, त्याची करावी. विमानतळालगतच्या वस्त्यांतील हवेचे प्रदूषण मोजण्याची मागणी पत्रलेखकाने केली, तर त्यावर पहिली सही माझी असेल.

— एक वाचक, पुणे