सांधा जुळला पाहिजे

रेल्वेच्या कामात 'सांधा' हा फार महत्त्वाचा शब्द आहे. एका मार्गावरची गाडी दुसऱ्या मार्गावर घ्यायची असेल, तर सांधा बदलावा लागतो. सांधा बरोबर जुळला, तर गाडी सुखरूप पुढे जाते. तो चुकला, तर गाडी भलतीकडे जाते. मला वाटते, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील प्रवासाचा प्रश्नसुद्धा सांध्याचाच आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. पुढे हा मार्ग कल्याण, वासिंद, आसनगाव असा वाढत १८६१ साली कसाऱ्याला पोहोचला. आज मुंबईहून सुटणारी लोकल सुमारे १२१ किलोमीटरचा प्रवास करून कसाऱ्याला येते. शहापूर तालुक्यातील हजारो माणसे रोज या लोकलने नोकरीला, बाजाराला आणि कॉलेजला जातात.

उपनगरी रेल्वेचे रूपांतर हलक्या रेल्वेत करावे, असा एक विचार मांडला जातो. हलकी रेल्वे म्हणजे ट्रामची सुधारलेली बहीणच. तिचे डबे थोडे असतात. ती थोड्या थोड्या अंतरावर थांबते आणि रस्त्यावरूनही धावू शकते. मुंबईकरांना ट्राम नवी नाही. १८७४ साली तेथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली आणि १९६४ साली ती बंद झाली.

हा विचार नुसता कल्पनेतला नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात १९९२ साली बरी आणि ऑल्ट्रिंगहॅम या दोन उपनगरी मार्गांचे हलक्या रेल्वेत रूपांतर झाले. त्याआधी एका मार्गाची गाडी शहराच्या एका टोकाला थांबे आणि दुसऱ्या मार्गाची दुसऱ्या टोकाला. मधले अंतर प्रवाशाने आपले आपण काटावे, अशी स्थिती होती. नव्या व्यवस्थेत शहराच्या रस्त्यांवर रूळ टाकून हे दोन्ही मार्ग जोडले गेले. लोकांची मोठी सोय झाली.

मग कसारा मार्गावरही असेच का करू नये? माझे उत्तर आहे, करू नये. दाटीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसे उभी असतात. हलक्या रेल्वेच्या दोन डब्यांत काहीशे माणसेच मावतील. शिवाय या मार्गावरून नाशिककडे जाणाऱ्या मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्याही धावतात. एवढ्या वर्दळीत दर थोड्या अंतरावर थांबणारी हलकी गाडी घातली, तर मागच्या गाड्या खोळंबतील. जर्मनीतील कार्ल्सरूहे शहरात ट्राम मोठ्या रेल्वेच्या रुळांवरही धावते, हे खरे आहे. पण त्यासाठी खास गाड्या लागतात आणि रुळांवर मोकळी जागाही लागते. इथे तर आहे तीच जागा अपुरी पडते. म्हणूनच कल्याण ते कसारा तिसरा मार्ग मंजूर झाला आहे. आधी तो पूर्ण व्हावा आणि लोकलच्या फेऱ्या वाढाव्यात.

तरीही मँचेस्टरपासून आपण एक गोष्ट शिकावी. तिथे खरे महत्त्व गाडीच्या वजनाला नव्हते; तुटलेला सांधा जोडण्याला होते. आपल्याकडे हा सांधा कुठे तुटला आहे? शहापूरचे स्टेशन शहापुरात नाही. ते दोन-तीन किलोमीटरवर आसनगावला आहे. समजा, किन्हवलीजवळच्या एखाद्या पाड्यावरील मुलगी कल्याणच्या कॉलेजात शिकते. संध्याकाळी ती आसनगावच्या फलाटावर उतरते. लोकल वेळेवर आली, पण गावाकडची एस.टी. पाच मिनिटांपूर्वीच निघून गेली. आता जीप भरेपर्यंत थांबायचे. अंधार पडतो. घरी आई दारात उभी असते. असे चार वेळा झाले, की घरात कोणीतरी म्हणते, "पुरे झाले शिक्षण!" चुकलेला सांधा असा एखाद्या मुलीचे आयुष्यच दुसऱ्या मार्गावर नेतो.

मुरबाडची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे अजून रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी कित्येक दशकांची आहे आणि उल्हासनगरमार्गे या मार्गाची योजनाही आखलेली आहे. स्वस्त पडते म्हणून इथे हलकी रेल्वे टाकावी, असे कोणी म्हणेल. पण बार्शीचा अनुभव आपण विसरू नये. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे अरुंद रुळांची होती. तिने त्या भागाची मोठी सेवा केली. मात्र कुर्डुवाडीला माणसांना गाडी बदलावी लागे आणि माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. शेवटी ते रूळ रुंद करावेच लागले. मुरबाडचा मार्ग पहिल्यापासूनच लोकलच्या रुळांना जुळणारा हवा. मुरबाडला बसलेल्या माणसाला कल्याणला गाडी बदलावी लागू नये.

आणि शहापूरसाठी? दोन-तीन किलोमीटरसाठी रूळ टाकण्याची गरज नाही. प्रत्येक लोकल आली, की स्टेशनाबाहेर एक बस उभी असावी. लोकलला उशीर झाला, तर बसनेही थांबावे. गावोगावच्या एस.टी.चे वेळापत्रक लोकलच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून तयार करावे. याला फार पैसा लागत नाही. दोन खात्यांनी एकत्र बसावे लागते, एवढेच.

शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी मुंबईला जाते. ते नळातून जाते आणि नळ वाटेत कुठे तुटलेला चालत नाही. दोन किलोमीटर अलीकडे पाणी सोडून "आता पुढे तुमचे तुम्ही न्या," असे मुंबईकरांना कोणी म्हणत नाही. मग पाणी देणाऱ्या गावांच्या मुलांना तरी तसे का म्हणावे?

गाडी हलकी की जड, हा प्रश्न नंतरचा. माणूस घरून निघून घरी वेळेवर पोहोचतो का, हा पहिला प्रश्न आहे. तुमच्या गावाचा सांधा कुठे तुटला आहे, ते तुम्हीही शोधा आणि संबंधितांना पत्र लिहून कळवा.