फेस छपराला आणि फेस तोंडाला



मानवतच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागल्या की त्यांच्यामागे विकणारेही येतात. बियाण्यांचे येतात, औषधांचे येतात, ट्रॅक्टरचे येतात. आता छपराचेही येऊ लागले आहेत. पत्र्यावर पंपाने एक फेस मारायचा, तो घटकेत फुगतो, घट्ट होतो, आणि मग म्हणे खाली दुपारीसुद्धा गारवा. एकाने आमच्या एका कार्यकर्त्याच्या हातात कागद ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, एकदाच खर्च करा आणि विसरून जा."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. शेतकऱ्याच्या घरात "एकदाच खर्च" नावाची वस्तू नसते. विहीर एकदा खणली म्हणून कुणाची सुटका झाली? मोटार जळते, पाइप फुटतो, गाळ काढावा लागतो. छपराचेही तसेच आहे. बसवण्याचा आकडा विकणारा सांगतो. राखण्याचा आकडा आपल्यालाच काढावा लागतो, आणि तो काढायची सवय आपल्याला कुणी लागू दिलेली नाही.

आधी आपल्या डोक्यावर पूर्वी काय होते ते आठवा. परभणी काय, लातूर काय, मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, कडीपाट आणि वर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी माजघरात दुपारी डोळा लागायचा. पण ते फुकट नव्हते. दरसाल मृगाच्या आधी गवत काढा, उंदरांची बिळे बुजवा, नवी माती टाका, पन्हाळी साफ करा. हे सारे घरच्या हातांनी व्हायचे, म्हणून कुणी त्याचा हिशोब धरला नाही.

हिशोब धरला नाही तरी ओझे वाढतच होते. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट जाड मातीचे वजन साधारण ४५ किलो भरते. पाचशे चौरस फुटांच्या माळवदावर फूटभर माती म्हणजे सव्वादोनशे क्विंटल! वर्षामागून वर्ष थरावर थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे स्वतःच्याच घराच्या दगडाखाली आणि मातीखाली गाडली गेली. भूकंपापेक्षा घरांनी जास्त माणसे मारली. त्यानंतर माळवदाखाली निजायला माणूस भिऊ लागला. लाकूड आधीच महागले होते. मग जमेल त्याने स्लॅब टाकला आणि न जमेल त्याने पत्रे.

पत्र्याने जीव वाचला, पण उन्हाळा घरात आला. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४४ च्या वर जातो. पुरुषमाणूस लिंबाच्या सावलीला जाऊन बसतो. माय मात्र त्याच पत्र्याखाली चुलीपुढे भाकरी थापते. तान्हे लेकरू तिथेच, आजारी म्हातारा तिथेच. हिवाळ्यात निराळी तऱ्हा. रात्री पत्रा गार पडतो, आतल्या दमट हवेचे त्यावर पाणी धरते आणि पहाटे ते थेंब थेंब कापसावर गळते. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव आहे, त्याच्या वर कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. म्हणजे छपराची खोट थेट काट्यावर भरावी लागते.

तेव्हा फेस विकणारा अगदीच खोटे बोलत नाही, हे आधी मान्य करू. ज्या पदार्थाचा हा फेस आहे तो पॉलियुरेथेन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधला. दोन पिंपांतली दोन रसायने नळ्यांतून येतात, बंदुकीच्या तोंडाशी एकत्र होतात आणि पत्र्यावर पडताच सुमारे तीसपट फुगतात. त्यात हवाबंद बारीक कप्पे तयार होतात आणि ते उष्णता अडवतात. वजन म्हणाल तर दोन इंच जाड थर चौरस फुटाला पाव किलोसुद्धा भरत नाही. पाचशे फुटांचे सारे छप्पर सव्वा क्विंटलाच्या आत! सांधे बुजतात, खिळ्यांची भोके बुजतात, पत्र्याला घाम येत नाही. माळवदाचा गारवा आणि पत्र्याचा हलकेपणा, दोन्ही एकत्र. वस्तू चांगली आहे. प्रश्न वस्तूचा नाही, हिशोबाचा आहे.

आता हिशोब मांडू. दर गावोगाव, जाडीप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतो. वाटाघाट तुम्ही करालच. पण गणित समजावे म्हणून फेस आणि वरचा रंग मिळून चौरस फुटाला १०० रुपये धरा. पाचशे फुटांचे ५० हजार झाले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे सहा क्विंटलांहून जास्त कापूस छपरावर गेला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल उतरला तर सव्वा ते दीड एकराचे सगळे पीक, त्यातला लागवडीचा, फवारणीचा, वेचणीचा खर्च वजा न करता. केंद्राच्या योजनेत २०१६ पासून सपाट भागातल्या अख्ख्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान ठरले. नुसत्या छपरावरच्या फेसाला त्यातले चाळीस टक्के लागतात.

हा झाला बसवण्याचा खर्च. आता राखण्याचा. या फेसाला ऊन सोसत नाही. उघडा राहिला तर काही महिन्यांत पिवळा-तपकिरी पडतो आणि त्याचा भुगा उडू लागतो. म्हणून वर सिलिकॉनचा किंवा ॲक्रिलिकचा जाड रंग द्यावा लागतो आणि तो साधारण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. दरसाल पावसाळ्याआधी आणि नंतर वर चढून बघावे लागते. पाखरे चोच मारतात, वानरे उड्या मारतात, डिशवाला खिळा ठोकतो. भोक पडले आणि तसेच राहिले तर पाणी आत जिरते आणि पत्रा खालून कुजतो. आपल्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

चोवीस वर्षांचे आयुष्य धरा आणि मध्ये एकदा रंगाचे १५ हजार धरा. एकूण ६५ हजार, वर्षाला २,७०० रुपये. ऐकायला बरे वाटते ना? पण थांबा, पैसा कुठून आणला? बँकेने १० टक्क्यांनी दिला तर ५० हजारांचे पहिल्याच वर्षाचे व्याज ५ हजार. बँक असल्या कामाला दारात उभी करत नाही. मग सावकार. त्याचा शेकडा दोन-तीन महिन्याला म्हणजे वर्षाचे १२ ते १८ हजार. छपराचा फेस वर्षाला २,७०० चा आणि तोंडाला येणारा फेस १८ हजारांचा! शहाण्या माणसाने फेसाचा दर विचारण्याआधी व्याजाचा दर विचारावा.

परदेशात आणि आपल्या शहरांत हे छप्पर परवडते त्याचे कारण ऐका. तिथे गोदामाला, कार्यालयाला, कारखान्याला थंड हवेची यंत्रे असतात. फेस मारला की विजेचे बिल घटते आणि वाचलेल्या बिलातून छपराचे पैसे फिटतात. आपल्या घरात एक पंखा, आणि तोही भारनियमनातून उरेल तेवढाच. वाचवायला बिलच नाही. आपल्याला मिळतो तो गारवा. तो खरा आहे, हवाहवासा आहे, पण बाजारात त्याला भाव नाही. त्याच्यावर हप्ता फेडता येत नाही.

आणखी तीन गोष्टी विकणारे सहसा सांगत नाहीत. पहिली, पत्रा ही आपली चल पुंजी आहे. अडीनडीला काढून विकता येतो, गोठ्यावर हलवता येतो. फेस एकदा चिकटला की पत्रा सुटा राहत नाही. मोडीतसुद्धा त्याचे पुरते पैसे येत नाहीत. दुसरी गोष्ट आगीची. आतून फेस मारला तर उन्हाचा प्रश्न मिटतो, म्हणून काही जण तेच सुचवतील. पण हा फेस जळतो आणि त्याच्या धुरात माणूस मारणारे विषारी वायू असतात. खाली चूल, कोपऱ्यात कापसाचा ढीग आणि डोक्यावर उघडा फेस, हे घर नव्हे, हे सरण आहे. आग लांबवणारे मिश्रण मिळते, पण ते आग लांबवते, टाळत नाही. आतून मारायचाच तर त्यावर प्लास्टरचे किंवा न जळणाऱ्या तक्त्याचे आवरण हवेच, आणि तो खर्च वेगळा. तिसरी, फवारणीच्या वेळी निघणारी वाफ छातीला वाईट. दमा जडू शकतो. मारणाऱ्याच्या तोंडावर योग्य मुखवटा हवा, आणि घरच्यांनी निदान एक दिवस तरी बाहेर राहावे. कापसावरच्या फवारणीने आपली किती माणसे दवाखान्यात गेली ते विदर्भात २०१७ मध्ये पाहिले आहे. पुन्हा तोच धडा घरात नको.

मग करायचे काय? माझे मत सरळ आहे. ज्या छपराखाली पैसा तयार होतो तिथे हा फेस जरूर विचारात घ्या. दुधाचे शीतकरण, कोंबड्यांची शेड, मोसंबीचे शीतगृह, अशा जागी गारव्याला भाव आहे. तिथे मर कमी होते, नास कमी होतो, वीज वाचते आणि ते वहीत लिहिता येते. काढणीनंतरच्या कामांसाठी कृषी पायाभूत सुविधा निधी २०२० मध्ये सुरू झाला, २ कोटींपर्यंतच्या कर्जाला व्याजात ३ टक्के सवलत. गटाने मिळून करा, कागदपत्रे नीट ठेवा.

राहत्या घरासाठी मात्र आधी चुना. पांढरा रंग ऊन परतवतो, खालची उष्णता दोन-चार अंशांनी उतरते. अहमदाबादच्या झोपडपट्ट्यांत बायकांनी हे करून दाखवले, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच आणले. चुना पावसात धुपतो, दरसाल द्यावा लागतो. द्या. पाचशे फुटांना चुना, चिकटा आणि एका माणसाची मजुरी मिळून हजार-दीड हजार धरा. मजुरी मुद्दाम धरतो आहे. घरचे हात फुकट धरायचे, हीच तर आपली जुनी खोड. विश्वास नसेल तर अर्धे छप्पर पांढरे करा, अर्धे तसेच ठेवा आणि मे महिन्यात दोन्हीखाली बसून बघा. त्याला ना विकणारा लागतो, ना सावकार. पिकाच्या कर्जातून फेस मारायचा मोह मात्र कुणी करू नये. पीक बुडाले की थंड घराची गरम नोटीस येते.

शेवटचा मुद्दा, आणि तोच खरा. आपल्याला थंड छप्पर परवडत नाही ते फेस महाग म्हणून नव्हे, कापूस स्वस्त म्हणून. जिनिंगच्या शेडचे छप्पर जुने होते तसा मालक दरसाल घसारा धरतो आणि तो नफ्यातून वजा करतो. कृषिमूल्य आयोगही उत्पादन खर्च काढताना अवजारांचा आणि शेतातल्या इमारतींचा घसारा धरतो. पण मानवत तालुक्यातला कापूस शेतातल्या इमारतीत राहत नाही. तो आमच्या माजघरात, आमच्या पांघरुणाशेजारी राहतो. त्या माजघराच्या छपराचा पैसाही कुणाच्या खर्चात येत नाही. हमीभाव हंगामभर तोच. माल तीन महिने सांभाळा, पत्रा बदला, ओलावा झेला, त्याची भरपाई शून्य. म्हणून छप्पर गळू लागले की आम्ही कापूस पडेल भावात काढतो, आणि विकत घेणाऱ्याचे छप्पर मजबूत होते.

जिल्हा बैठकीला येताना एक काम करून या. आपापल्या छपरावर गेल्या पाच वर्षांत काय खर्च झाला ते कागदावर लिहून आणा. पत्रे, हुक, डांबर, चुना, मजुरी, वादळात उडालेले, भिजलेल्या कापसाची कपात, सगळे. घरची मजुरीही लिहा. आणि हे बायकांना विचारून लिहा, कारण छप्पर कुठे गळते आणि केव्हा तापते ते त्यांनाच जास्त ठाऊक. गावोगावचे असे कागद एकत्र केले की साठवणुकीच्या छपराचा खर्च उत्पादन खर्चात धरा, हा ठराव नुसत्या घोषणेचा राहणार नाही, आकड्यांचा होईल.

फेस मारायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. पण वही उघडल्याशिवाय कुणी शिडी लावू नये.