रापलेली त्वचा आणि वंशाची काचपट्टी

१/ एकाच घरातले एक भावंड उन्हात रापते, दुसरे लालबुंद होऊन भाजते. आईवडील तेच, ऊनही तेच. मग हा भेद कशाचा?

२/ फेलिक्स फॉन लुशान या मानववंशशास्त्रज्ञाने ३६ रंगीत काचतुकड्यांची पट्टी रचली. उन्हापासून झाकलेल्या त्वचेशी तुकडा जुळवायचा आणि माणसाला वंशाच्या कप्प्यात बसवायचे, असा तिचा वापर झाला.

३/ १९७५ मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी निराळा प्रश्न विचारला : त्वचा भाजते की रापते? प्रश्न रास्त होता. परंतु आरंभीची वर्गवारी गोऱ्यांपुरतीच होती. सावळ्या व काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले.

४/ उत्तर बव्हंशी जनुकांत आहे. ‘एमसी१आर’च्या काही रूपांमुळे गडद मेलॅनिन कमी बनते, अशी त्वचा रापण्याऐवजी भाजते. ‘एसएलसी२४ए५’चे त्वचा उजळवणारे रूप युरोपात जवळपास सार्वत्रिक आहे, आणि भारतातही पुष्कळांत आढळते.

५/ पूर्वजांकडून आपल्याला अशी सुटी जनुके मिळतात, अखंड ‘वंश’ नव्हे. म्हणूनच माझे मत स्पष्ट आहे : रंग पाहून कोणाला ‘मूळचा’ वा ‘बाहेरचा’ ठरवणे हा इतिहास नव्हे, ती लुशानची काचपट्टीच होय.