गलोल कुणाच्या हातात?

बाभळीची बेचकी, सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, मधे जुन्या चपलेचा तुकडा, झाली गलोल! कैऱ्या पाडता पाडता एकदा नेम होल्यावर लागला. हातात घेतला तेव्हा तो गरम होता. माय दिवसभर माझ्याशी बोलली नाही. गलोल मी तेव्हाच सोडली.

पुढे कायदा शिकलो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील हत्याराच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन बसते, म्हणजे गलोलही. 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड 25 हजारांवरून एक लाखापर्यंत नेला. पाखरांना संरक्षण हवेच, त्याबद्दल वाद नाही.

पण पिकावरची वानरे हुसकणाऱ्या बागायतदाराच्या हातातली गलोल म्हणजे राखण, आणि पारध्याच्या पोराच्या हातातली म्हणजे शिकार? गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, नजर मात्र रद्द झाली नाही. पोर अठरा वर्षांच्या आतले असेल तर त्याची जागा कोठडीत नाही; 2015 च्या कायद्यानुसार ते बाल न्याय मंडळापुढेच गेले पाहिजे. वस्तीवरच्या आईबापांना हे आधी कुणीतरी सांगायला हवे.